रोस्टर बघूनच तारीख द्या: नर्सिंगची नोकरी आणि शिवणाचा व्यवसाय एकत्र चालवताना

डोंबिवलीच्या एका आजींना मी शनिवारी संध्याकाळी कुंची देणार होते. रविवारी बारसं. शुक्रवारी रात्री खण कापून ठेवला होता. शनिवारची मॉर्निंग ड्युटी संपवून घरी आले की दोन तासांत कुंची शिवून होईल, असा हिशेब. शनिवारी दुपारी ओव्हर, म्हणजे पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती, द्यायला उभी राहिले, तर घ्यायला कोणीच नाही. इव्हनिंगच्या सिस्टरच्या सासूबाई बाथरूममध्ये घसरून पडल्या होत्या. वॉर्डच्या इन-चार्ज सिस्टरनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी पर्स परत लॉकरमध्ये ठेवली. डबल ड्युटी. रात्री साडेनऊला घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये, बसमध्ये उभ्या उभ्या मी आजींना फोन केला. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "असू दे गं, जुनी आहे घरात, धुऊन घालू," म्हणाल्या.

त्यांच्याकडून पुन्हा ऑर्डर आली नाही. त्यांचं काहीच चुकलं नाही. चूक माझ्या तारखेची होती. मी धंद्याच्या वहीत तारीख लिहिली होती आणि रोस्टर, म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक, बघितलं नव्हतं.

मी ठाण्याला कोपरीत राहते. लग्नानंतर आठ वर्षं घरी शिवणाचे क्लास घेतले, झबली-टोपडी, कुंच्या, बाळाच्या गोधड्या शिवून विकल्या. एकतिसाव्या वर्षी जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, प्रवेश घेतला आणि आता एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. शिवण सोडलं नाही. खाली लिहिलंय ते माझ्यासारख्या, आधी हातात कला आणि मग नर्सिंग अशा क्रमाने आलेल्यांसाठी. पण आधीपासून नर्स असून आता मेंदी, केक, टेराकोटाचे दागिने असं काही सुरू करणाऱ्यांना आणि ब्रदर मंडळींना, म्हणजे पुरुष नर्सनाही त्यातलं बरंच लागू पडेल.

एक गोष्ट सगळ्या पायऱ्यांमध्ये आहे, ती आधीच सांगते. काम दोन जातींचं असतं. एक थांबणारं, एक हाका मारणारं. पेशंट हाका मारतो, रोस्टर हाका मारतं, त्यांना 'उद्या बघू' म्हणता येत नाही. मग धंदा असा हवा की तो कपाटात घडी घालून चार दिवस ठेवला तरी बिघडणार नाही. दोन्हीकडून हाका येऊ लागल्या की मधल्या मध्ये तुमची झोप जाते, आणि झोप गेलेल्या नर्सच्या हातात औषधाचा ट्रे असतो.

१. नर्सिंगला जायचंच असेल तर वय आणि बारावी आधी तपासा

जीएनएम तीन वर्षांचं. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे बारावी कुठल्याही शाखेची चालते, इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के गुण हवेत. वयाची खालची मर्यादा १७ आणि वरची ३५. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, त्याला बारावी विज्ञान, तेही जीवशास्त्रासकट, लागतं. माझी बारावी कॉमर्सची, तेरा वर्षं जुनी, त्यामुळे मला जीएनएमचाच रस्ता मोकळा होता. प्रवेशाची पद्धत अधूनमधून बदलते, म्हणून शेजारणीच्या मुलीने काय केलं यावर जाऊ नका, त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचा.

ठाणे-कल्याण पट्ट्यात 'सहा महिन्यांत नर्स व्हा' असे बोर्ड जागोजागी दिसतात. त्या कोर्सने घरी रुग्ण सांभाळायचं काम मिळेल, पण महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होणार नाही, आणि नोंदणी नसेल तर तुम्ही कायद्याने नर्स नाही. फी भरण्याआधी त्या संस्थेला कौन्सिलची मान्यता आहे का, एवढं एकच विचारा. उत्तर गोलगोल आलं तर उठून या.

२. शिकतानाची तीन वर्षं: शटर अर्धं खाली

मी पहिल्या सहा महिन्यांत दोन्ही करून पाहिलं. सकाळी वॉर्ड, दुपारी लेक्चर, रात्री केअर प्लॅन आणि केस स्टडी लिहायच्या, त्यावर ब्लाउजच्या ऑर्डरी. पहिल्या टर्मला अॅनाटॉमीत कसेबसे पास झाले तेव्हा डोळे उघडले. हजेरी ८० टक्के लागते, आणि प्रॅक्टिकलचे तास तर शेवटी शंभर टक्के भरून द्यावेच लागतात. बुडवलेला दिवस सुट्टीत जाऊन भरायचा. शिवाय तिसऱ्या वर्षी सहा महिन्यांची इंटर्नशिप, ती जवळजवळ नोकरीच.

म्हणून हे करा. मापाची कामं, म्हणजे ब्लाउज, फ्रॉक, फॉल-पिको, सरळ बंद करा. क्लासच्या मुली ओळखीच्या दुसऱ्या बाईकडे पाठवा. मी पाठवल्या, आणि तिने पुढे मला दोनदा अडचणीत हात दिला. गिऱ्हाइकांना एकेकीला फोन करून सांगा. नुसता स्टेटस टाकला तर 'हिने धंदा बंद केला' अशी बातमी फिरते. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत थोडा तयार माल शिवा आणि तेवढाच विका. मशीन मात्र महिन्यातून एकदा उघडून तेल घालून चालवत राहा. वर्षभर बंद पडलेल्या मशीनमध्ये तेल चिकट होतं आणि चाक जड फिरतं.

पैशांचं प्रवेशाआधीच ठरवून टाका. मी प्रवेशाआधीच्या शेवटच्या वर्षाच्या ऑर्डरींची अर्धी रक्कम वेगळ्या खात्यात टाकत गेले, ती फी आणि पुस्तकांना पुरली. घर नवऱ्याच्या पगारावर चाललं. ज्यांच्या घरी दुसरा पगार नाही, त्यांनी तीन वर्षांचा हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय फॉर्म भरू नये.

३. नेमणूकपत्र नीट वाचा

पास होऊन, नोंदणी होऊन नोकरी लागते तेव्हा आनंदात सही केली जाते. तिसऱ्या-चौथ्या पानावर बहुतेक वेळा एक वाक्य असतं: कर्मचाऱ्याने संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय अन्य नोकरी वा व्यवसाय करू नये. माझ्याही पत्रात होतं. मी रुजू होण्याआधी एचआरला चार ओळींचा अर्ज दिला: ड्युटीबाहेरच्या वेळात मी घरी लहान मुलांचे कपडे शिवून विकते, त्याचा रुग्णालयाशी, रुग्णांशी किंवा इथल्या सामानाशी काही संबंध नाही, ड्युटीवर त्याचा परिणाम होऊ देणार नाही, तरी परवानगी असावी. उत्तर यायला तीन आठवडे लागले, पण लेखी आलं. तोंडी 'करा हो, कोण विचारतंय' याला अर्थ नाही. विचारणारी व्यक्ती बदलते.

सरकारी नोकरीत गोष्ट कडक आहे. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत आणि त्यांत पूर्वपरवानगीशिवाय व्यापार-धंदा करता येत नाही. 'नवऱ्याच्या नावावर कर' हा सल्ला सगळे देतात, पण घरातल्या माणसाचा धंदा असेल तरी तो सरकारला कळवावा लागतो. महापालिकेच्या रुग्णालयात असाल तर तिथले सेवानियम आस्थापना विभागातून मागून वाचा.

४. आठवड्यात खरे तास किती?

आठवड्याचे १६८ तास. सहा ड्युट्या आठ तासांच्या, ४८. जाणं-येणं आणि ओव्हर लांबणं धरून रोज दोन तास, १२. झोप सात तासांनी ४९. झाले १०९, उरले ५९. ऐकायला भरपूर वाटतात. आता स्वयंपाक, मुलाचा अभ्यास, भाजी, आल्या-गेल्याचं, रोजचे सहा तास धरले तर ४२ गेले. राहिले १७. त्यातले निम्मे तर धंद्याच्याच वरकामात जातात: फोन, कापड आणणं, पॅकिंग, पोस्ट.

हे कागदावरचं गणित झालं. मी चार आठवडे कालनिर्णयच्या चौकोनात प्रत्यक्ष मशीनवर बसले ते तास लिहिले. नाईटच्या आठवड्यात तीन, सगळ्यात चांगल्या आठवड्यात तेरा, सरासरी नऊ. तुम्हीही हेच करा. आठवड्याची नाही तर महिन्याची सरासरी घ्या, कारण नाईट महिन्यातून एकदा येतेच.

एका कुंचीला मला दीड तास लागतो. नऊ तासांत सहा होतात. मी चारच धरते. उरलेल्या दोन कुंच्या डबल ड्युटीच्या. आजींच्या प्रसंगानंतर हा नियम मोडलेला नाही.

५. मालच बदला

इथे थोडं रेंगाळते, कारण बहुतेक बायका वेळ वाढवायच्या मागे लागतात, आणि वेळ काही वाढत नाही.

कुंचीची ऑर्डर कधी येते? बाळ झाल्यावर. बारसं बाराव्या दिवशी. पहिले चार दिवस घरच्यांना सुचत नाही, मग आठवण होते, म्हणजे माझ्या हातात आठवडा राहतो. त्या आठवड्यात नाईट असली की संपलं. माझा सगळ्यात जास्त विकला जाणारा माल हाका मारणाराच होता.

उपाय एका गिऱ्हाइकानेच दाखवला. सुनेच्या डोहाळजेवणाला माझ्याकडून ओटीचा खण घेताना ती म्हणाली, "आत्ताच कुंची सांगून ठेवते, नंतर तू ड्युटीवर असशील." डोहाळजेवण साधारण सातव्या महिन्यात. म्हणजे दोन महिने हातात! तेव्हापासून मी जाहिरात बारशाची करत नाही, डोहाळजेवणाची करते. ज्या मैत्रिणी डोहाळजेवणाची फुलांची वाडी भरतात, त्यांच्याकडे माझे फोटो असतात. मुलगा-मुलगी माहीत नसतं, ठरवून कोणी विचारतही नाही. म्हणून रंग हिरवा, चिंतामणी, मोतिया, केशरी असे. बाळाचं नाव काढून हवं असेल तर बारशानंतर दहा दिवसांनी एक छोटं दुपटं वेगळं मिळेल, त्याचे पैसे वेगळे. नाव बारशालाच ठेवतात, तर बारशाच्या कुंचीवर नाव कुठून येणार, हा प्रश्न मला पाच वर्षं सुचला नव्हता.

बोरन्हाणाचंही तसंच. संक्रांत ते रथसप्तमी हा मोसम तारखेसकट वर्षभर आधी माहीत असतो. काळी झबली आणि फ्रॉक मी नोव्हेंबरमध्येच शिवून ठेवते. वीस जानेवारीला कोणी 'ताई, परवा हवंय' म्हणालं की कपाट उघडायचं. असेल ते दाखवायचं, नसेल तर नाही म्हणायचं.

दुसरा बदल, कामाचे तुकडे. पूर्वी मी एक कुंची पहिल्यापासून शेवटपर्यंत शिवायचे. आता सहा एकदम, पण कामाच्या जातीप्रमाणे.

कापणं हे ताज्या डोक्याचं काम. खणाचा पन्हा अरुंद असतो, तुकडा उलटा धरला की काठ डोक्यावर यायच्या ऐवजी मानेवर येतो आणि खण वाया. हे फक्त सुट्टीच्या दिवशी सकाळी, चहा झाल्यावर. त्याआधी अस्तराचं मलमल धुऊन, वाळवून, इस्त्री केलेलं हवं. न धुतलेलं मलमल पहिल्या धुण्यात आटतं आणि कुंचीला सुरकुत्या पडतात.

मशीनचं काम मधल्या डोक्याचं. मॉर्निंग करून आल्यावर, जेवून तासभर पडल्यावर होतं. खांदाशिवण, घेर, अस्तर जोडणं. एका बैठकीत एकच प्रकारची शिवण सहाही कुंच्यांची.

हातकाम दमलेल्या डोक्याचं. लेस टाचणं, दोरे कापणं, गोधडीचा धावदोरा. टीव्हीपुढे होतं. प्रत्येक कुंची वेगळ्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी: 'लेस राहिली', 'बंद लावायचे'. चार दिवसांनी पिशवी उघडली तरी कुठे होते ते शोधावं लागत नाही.

गोधडीचा धावदोरा आता मी स्वतः घालतच नाही. समोरच्या बिल्डिंगमधल्या एक काकू घालतात, नगाप्रमाणे पैसे. एक जुनी सुती सहावारी, पदर बाजूला काढून ४२ इंचांचे चार तुकडे केले की बाळाच्या गोधडीचे चार थर निघतात, काठाची पट्टी त्यातूनच. थर लावून कच्चा टाका मी घालते, बाकी काकू. त्यांचा हात माझ्यापेक्षा बारीक आहे, आणि हे मी गिऱ्हाइकालाही सांगते. पैसे गोधडी परत आली त्याच दिवशी द्यायचे. माझा पगार एक तारखेला होतो म्हणून त्यांनी का थांबायचं?

६. नाईटच्या आठवड्यात कात्री बंद

सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी मंद होते, हे अभ्यासांमधून दिसलं आहे. नाईट करून सकाळी साडेआठला बाहेर पडणारी, दुपारी नीट न झोपलेली नर्स त्याच्या पुढे गेलेली असते. मी एकदा नाईटनंतर 'अर्धा तासच' म्हणून बसले आणि एका बाईने पणजीच्या लुगड्याची गोधडी करायला दिली होती, ते लुगडं काठासकट आडवं कापलं. खण नवीन आणता येतो. पणजीचं लुगडं कुठून आणणार? जाऊन पाया पडले, पैसे घेतले नाहीत, जोड झाकायला काठाची नक्षी केली. ती बाई चांगली म्हणून निभावलं.

तेव्हापासून नाईट सुरू व्हायच्या आदल्या दिवसापासून नाईट ऑफच्या दुसऱ्या सकाळपर्यंत कापायचं नाही, ऑर्डर घ्यायची नाही, किंमत सांगायची नाही. झोपेत मी नेहमी कमी किंमत सांगते. सकाळी घरी आल्यावर फोन सायलेंट, पडदे ओढलेले, दाराला 'नाईट आहे' ची पाटी. पाटी बघून कुरिअरवाला शेजारी पाकीट देतो. झोप झाली तर संध्याकाळी तासभर हातकाम. नाही झाली तर तेही नाही.

व्हॉट्सअॅप बिझनेसवर आपोआप जाणारा निरोप लावून ठेवा. माझा असा आहे: 'नमस्कार, मी सध्या ड्युटीवर आहे. उत्तर आज रात्री किंवा उद्या मिळेल. तयार माल कॅटलॉगमध्ये आहे.' आधी मी वॉशरूममध्ये जाऊन उत्तरं द्यायचे. आता फोन लॉकरमध्ये असतो.

७. हात

याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. शिवणाऱ्या बाईच्या बोटांच्या टोकांना सुईचे बारीक टोचे असतात. दिसत नाहीत, पण हात निर्जंतुक करायचं हँडरब लावलं की चरचरतं. तेच बोट रक्त-लघवीच्या कामात असतं. ग्लोव्हज आहेतच, पण ग्लोव्हज फाटतात. हातशिवण करताना अंगुस्तान, म्हणजे बोटावरची टोपी, वापरा, सवय व्हायला आठवडा लागतो. टोचलेली, कापलेली जागा ड्युटीवर जाताना पाणी न शिरणाऱ्या पट्टीने झाका. हिपॅटायटिस बी लशीचे तिन्ही डोस झालेत का, हे शिकतानाच तपासलेलं असतं, नसेल तर आज तपासा.

उलट्या बाजूनेही पाहा. वॉर्डातून आलेले कपडे आणि बाळाचं कापड एका खोलीत नको. मी युनिफॉर्म दारातच पिशवीत काढते, वेगळा धुते, अंघोळ केल्याशिवाय मशीनला हात लावत नाही. जुन्या साड्या गरम पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच कापते. पावसाळ्यात ऊन नाही म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये जुन्या साडीची गोधडी घेतच नाही. दमट साडीला येणारा वास गोधडीत राहतो.

नर्स असण्याचा मालाला झालेला खरा फायदा इथेच आहे. पोस्टनॅटल, म्हणजे बाळंतिणींच्या, वॉर्डात ड्युटी केल्यापासून मी कुंचीला मोती, टिकल्या, घुंगरू लावणं बंद केलं. सुटलेला मोती बाळ तोंडात घालतं. गळ्याचे बंद आखूड, जेमतेम गाठ बसेल इतके. काठाची जर आतून टोचते, म्हणून अस्तर काठाच्या वरपर्यंत. आणि प्रत्येक पाकिटात चिठ्ठी: कुंची कार्यक्रमापुरती घाला, बाळ झोपलं की काढा. वर्षाच्या आतल्या बाळावर झोपताना सैल गोधडी किंवा दुपटं तोंडाजवळ येईल असं घालू नका. आधी वाटलं, अशी चिठ्ठी वाचून कोण घेईल? पण गिऱ्हाइकं तीच चिठ्ठी फोटो काढून पुढे पाठवतात.

८. वॉर्डात विकायचं नाही

मोह होतो, कारण गिऱ्हाईक समोरच्या बेडवर आहे! माझ्याकडून चूक झाली नाही, पण झाल्यासारखी झाली. वॉर्डातल्या मावशींनी कौतुकाने एका बाळंतिणीच्या आईला सांगितलं, "आमच्या सिस्टर कुंच्या शिवतात." त्या बाई नर्सिंग स्टेशनवर येऊन भाव विचारू लागल्या. इन-चार्ज बाजूलाच. मला केबिनमध्ये बोलावलं आणि जे ऐकवलं ते त्या वेळी फार लागलं. 'पेशंटला वाटेल, घेतली नाही तर सिस्टर नीट बघणार नाही,' असं त्या म्हणाल्या. घरी येऊन रडले. दोन दिवसांनी पटलं. त्यांचा मुद्दा बरोबर होता. बोलायची जागा आणि आवाज बरोबर नव्हता, ते वेगळं.

आता नियम: दाखल असलेल्या पेशंटला आणि नातेवाइकांना विकायचं नाही, नंबर द्यायचा नाही. मावशी, वॉर्डबॉय मामा, सगळ्यांना सांगून ठेवलंय. युनिफॉर्ममधला फोटो, रुग्णालयाचं नाव, पेशंटच्या बाळाचा फोटो धंद्याच्या पानावर कधीच नाही. सहकारी सिस्टरना विकते, पण रुग्णालयाच्या बाहेर, आणि उधार नाही. उधारी राहिलेल्या सिस्टरशी ड्युटी बदलून घेणं फार अवघड जातं.

९. किंमत

आधी तुमच्या नोकरीच्या तासाची किंमत काढा. समजा पगार २४,००० आहे. २६ ड्युट्या आठ तासांच्या म्हणजे २०८ तास. तासाला साधारण ११५ रुपये. शिवणाच्या तासाला यापेक्षा कमी मिळत असेल, तर त्या वेळात झोपलेलं बरं. मी तासाला १५० धरते, कारण शिवणाला माझी मशीन, माझी वीज आणि माझी मान लागते.

माझी एक साधी कुंची: खण आणि मलमल मिळून १६०, लेस-दोरा-बंद ३५, डबा आणि पाकीट २०. झाले २१५. दीड तासाचे २२५. एकूण ४४०. त्यावर न विकल्या गेलेल्या नगांसाठी आणि स्टॉलच्या भाड्यासाठी १५ टक्के, म्हणजे ६६. विक्री ५०० ते ५२०. ठाण्याच्या बाजारात, जांभळी नाक्यावर, तीनशेला मिळते असं म्हणणारी बाई येते. तिला म्हणायचं, तिथली घ्या, चांगली असते. भांडायचं नाही, कमी करायचं नाही. आठवड्याला चारच कुंच्या आहेत, त्या कोणाला तरी जाणारच आहेत.

कापड मी दोन महिन्यांतून एकदा आणते. अस्तराचं उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधून, जरा वेगळं काही हवं असेल तर मुंबईचं मंगळदास मार्केट. दर आठवड्याला थोडं थोडं आणायला गेलं की चांगल्या आठवड्यातल्या तेरा तासांतले तीन लोकलमध्येच जातात.

१०. कागद

हे पटकन सांगते, कारण छोट्या धंद्याला वाटतं तितकं जड नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, आधार-पॅनवर ऑनलाइन होते आणि फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाइट सरकारी नाही. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वीसपेक्षा कमी (२०२५च्या दुरुस्तीआधी दहापेक्षा कमी) कामगार असतील तर नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना द्यायची. मालाच्या विक्रीला जीएसटीची मर्यादा वर्षाला ४० लाखांची, आणि त्यात पगार मोजत नाहीत, त्यामुळे तो विषय तूर्त सोडा. मात्र दुसऱ्या राज्यात माल पाठवणार असाल तर नियम वेगळे आहेत, आधी सीएला विचारा.

इन्कम टॅक्सचा फॉर्म बदलतो. नुसता पगार असताना आयटीआर-१ चालतो, धंद्याचं उत्पन्न आलं की चालत नाही. छोट्या धंद्याला अनुमानित उत्पन्नाची योजना आहे: रोख विक्रीच्या ८ टक्के, यूपीआय-बँकेतून आलेल्या विक्रीच्या ६ टक्के नफा धरायचा, आयटीआर-४ भरायचा. खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा. धंद्यासाठी वेगळं बँक खातं आणि वेगळा क्यूआर कोड पहिल्या दिवसापासून ठेवा. मी दोन वर्षं पगाराच्याच खात्यात सगळं घेतलं आणि मग मार्चमध्ये दोन रात्री दूधवाल्याचे आणि कुंचीचे पैसे वेगळे करत बसले.

पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम आहे, कर्जाचा पहिला हप्ता एक लाखापर्यंत ५ टक्क्यांनी मिळतो. पण सरकारी नोकरीत असलेली व्यक्ती आणि तिच्या घरचे त्यात बसत नाहीत. सरकारी रुग्णालयात लागायचं स्वप्न असेल तर हे आधी लक्षात घ्या.

आणि कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला येते, त्याला सीएनईचे, म्हणजे नोकरीतल्या नर्सच्या पुढच्या शिक्षणाचे, तास लागतात. ते शेवटच्या वर्षी एकदम गोळा करायला गेलात तर नेमके बोरन्हाणाच्या मोसमात रविवार जातील. वर्षाला थोडे थोडे करा.

११. स्टॉल लावायचा की नाही

नोकरी करणाऱ्या बाईला प्रदर्शन महाग पडतं. भाड्यापेक्षा सुट्टीने. बेलापूरच्या सिडको अर्बन हाटसारख्या ठिकाणी हातकामाची कदर असणारं गिऱ्हाईक येतं, कोपरीच्या बाजूने स्टेशनात शिरून पनवेल लोकल पकडली की थेट पोचता येतं. पण दहा दिवसांच्या प्रदर्शनाला दहा दिवस कोण बसणार? मी एका मैत्रिणीबरोबर अर्धा स्टॉल घेते. ती टेराकोटाचे दागिने करते, तिला नोकरी नाही. ती बसते, मी भाड्याचा निम्म्याहून जास्त वाटा देते आणि शनिवार-रविवारी तिला मोकळं करते. त्या दोन दिवसांसाठी रजा रोस्टर लागायच्या आधी मागायची, लागल्यावर नाही. आमच्याकडे रोस्टर महिन्याच्या २५ तारखेला लागतं, म्हणून अर्ज २० च्या आत इन-चार्जच्या हातात. बदल्यात गणपतीतल्या किंवा दिवाळीतल्या दोन ड्युट्या मी आपण होऊन घेते, आणि हे अर्जातच लिहिते.

रोस्टर हातात आलं की पहिलं काम: कालनिर्णयवर मॉर्निंग, इव्हनिंग, नाईट, ऑफ लिहायचं, नाईटच्या आठवड्यावर लाल रेघ, ऑफच्या सकाळी 'कापणे'. मग धंद्याची वही उघडायची आणि तारखा द्यायच्या. या महिन्यात माझी नाईट ९ ते १५ आहे. काल एका ताईंचा फोन आला, बारसं १६ला. त्यांना कपाटातल्या तीन कुंच्यांचे फोटो पाठवले, त्यांनी चिंतामणी रंगाची घेतली, आणि आज सकाळी ड्युटीला जाताना स्पीड पोस्टने टाकली.